पासिंगचं काम: रंग चकचकीत, हँडब्रेक ढिला

पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, तारीख जवळ आली की मुंबईतला टॅक्सीवाला सगळ्यात आधी पेंटर गाठतो. दारावरचे ओरखडे भरले जातात, छपरावर ताजा पिवळा रंग चढतो, बंपरला काळा हात मारला जातो. आणि मग तपासणीच्या ट्रॅकवरून गाडी परत येते ती नंबर प्लेटवरचा बारका दिवा लागत नाही म्हणून. कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरीच्या गॅरेजांत 'पासिंग करून देतो' म्हणून जे काम विकलं जातं, त्याचं खरं दुखणं इथेच आहे. बिलात डेंटिंग-पेंटिंगची ओळ मोठी असते आणि ब्रेक 'बघून घेतले' असतात.

हे परीक्षण त्या सगळ्या साखळीचं आहे: ऑनलाइन अर्ज, गॅरेजची तयारी, ट्रॅकवरची तपासणी आणि मधला एजंट.

आधी मुदतीचा हिशेब. नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं पासिंग नाही. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी. म्हणजे जुनी वॅगन आर, सँट्रो, छोटा टेम्पो यांची वारी वार्षिक. मुंबईत टॅक्सीला २० आणि रिक्षाला १५ वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यापुढे गाडी कितीही ठणठणीत असली तरी पासिंगचा प्रश्नच उरत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी रस्त्यावरून उतरली, ती याच नियमाने. खासगी गाडीला हा व्याप पहिली १५ वर्षं नसतो. मग दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी तपासणी. खालचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

अर्ज 'परिवहन'च्या 'वाहन' पोर्टलवर होतो. गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. पहिली ठेच इथेच लागते, कारण नोंदलेला मोबाइल नंबर बहुतेक वेळा आधीच्या मालकाचा, शोरूमच्या माणसाचा किंवा कधीच बंद पडलेला असतो. तो बदलून घेणं हे स्वतंत्र काम आहे, पासिंगच्या आठवड्यात काढू नका. मुदत संपायच्या महिनाभर आधी एकदा पोर्टल उघडून चार गोष्टी बघाव्यात: विमा दिसतोय का, पीयूसी दिसतेय का, कर आणि परमिट चालू आहे का, ई-चलन थकलंय का. विमा काल भरला असेल तर कंपनीकडून तो पोर्टलवर चढायला वेळ लागतो. हातात पॉलिसीचा कागद असून पोर्टल 'विमा नाही' म्हणत बसतं, आणि इथे पोर्टलचंच चालतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. बसवल्यावर तिची नोंद पोर्टलवर चढली का हेही बघा. प्लेट गाडीवर आहे आणि नोंद नाही, असं होतं.

शुल्काचे दोन भाग असतात. चाचणीचं वेगळं आणि प्रमाणपत्राचे २०० रुपये वेगळे. चाचणीचा दर गाडीचा प्रकार आणि वय बघून ठरतो, १०, १५, २० वर्षांच्या टप्प्यांवर तो चढत जातो. म्हणून शेजाऱ्याच्या पावतीवरून आपला अंदाज बांधू नये. मुदत उलटली तर केंद्राच्या नियमात दिवसाला ५० रुपये जादा आकार आहे. राज्यात यावरून रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २०२४ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. आज आपल्या गाडीला काय लागतं, ते पोर्टलवरच्या रकमेत दिसतं. तीच रक्कम खरी, तोंडी सांगितलेली नव्हे.

तारखेच्या चिठ्ठीवरचा पत्ता नीट वाचा. मुंबईत ताडदेव (एमएच-०१), अंधेरी (०२), वडाळा (०३) आणि बोरिवली (४७) अशी चार कार्यालयं आहेत, पण चाचणी कार्यालयाच्या आवारातच होईल असं नाही. ब्रेक तपासायला २५० मीटरचा सरळ ट्रॅक हवा, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरचा दंडक आहे, आणि एवढी मोकळी जागा या शहरात कुठे पडली आहे! पोर्टलला पाचपैकी साडेतीन गुण. अर्ज, शुल्क, तारीख सगळं घरबसल्या होतं. दीड गुण जातो तो वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशी वेळेवर जुळत नाहीत आणि त्याचा भुर्दंड गाडीवाल्याला बसतो म्हणून.

आता गॅरेज. पासिंगच्या कामात ब्रेकला सगळ्यात जास्त वेळ मिळायला हवा आणि सगळ्यात कमी मिळतो. वॅगन आर, सँट्रो, ईको यांना पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड चाकातून डोकावून दिसतात म्हणून बदलले जातात. मागचा ड्रम उघडावा लागतो, म्हणून तो राहतो. उघडायला लावा. लायनरवर, म्हणजे ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्टीवर, तेलकट डाग असेल तर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ती पट्टी ड्रमवर ढकलणारा भाग) गळतोय. अशा वेळी नुसता लायनर बदलणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाया घालवतोय, नवा लायनरही चार दिवसांत भिजतो. व्हील सिलिंडर दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला की दोन चाकं सारखी धरत नाहीत आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागचा भाग एका अंगाला सरकतो. त्यानंतर चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांमध्ये अडकलेली हवा काढून घ्यायची. ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. जे असेल तेच टाका.

ब्रेक दाबल्यावर गाडी पुढून डावी-उजवीकडे ओढत असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना. खड्ड्यांतलं पाणी आणि समुद्राची खारी हवा यांनी या पिना सुकतात, कॅलिपर अडकतो, पॅड सुटतच नाही. ओळखायला सोपं: दहा-पंधरा मिनिटं चालवून गाडी थांबवा आणि रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त जाणवली तर ते चाक धरून आहे. पिना काढून, घासून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून परत बसवणं हे तासाभराचं काम. अख्खा कॅलिपर बदलायला सांगणाऱ्याला आधी पिना उघडून दाखव म्हणावं.

हँडब्रेक हा मुंबईच्या टॅक्सीचा सगळ्यात दुर्लक्षित अवयव. बरेच रस्ते सपाट, गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय, त्यामुळे लिव्हर महिनोन्महिने ओढलाच जात नाही आणि केबल पावसाळ्यात आतून गंजते. पासिंगच्या आदल्या दिवशी मेकॅनिक लिव्हरजवळचा नट आवळतो. लिव्हर कडक लागतो, मालक खूश. पण गंजलेली केबल आता परत ढिली पडत नाही, मागची चाकं घासत राहतात आणि ट्रॅकपर्यंत जाताना ड्रम तापतात. तापलेला ड्रम नीट धरत नाही. म्हणजे ज्या ब्रेकसाठी पैसे मोजले तोच ऐन वेळी कमजोर. बरोबर क्रम असा: आधी ड्रमच्या आतले शू (ज्यांवर लायनर असतो ते) लायनरच्या झिजेप्रमाणे बसवायचे, मग केबल मोकळी चालते का बघायची, नट शेवटी. लिव्हर सहा-सात खटक्यांच्या आत धरायला हवा आणि थोड्या चढावर, न्यूट्रलमध्ये, गाडी जागची हलता कामा नये.

स्टीअरिंगचा मोकळा खेळ नियमाप्रमाणे ३० अंशांपेक्षा जास्त नको. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंतचं अंतर म्हणजे ३० अंश. खरं तर आजच्या कारमध्ये त्याच्या निम्मा खेळ असला तरी काहीतरी सुटलेलं असतं. पुढचं चाक जॅकवर उचलून डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा, खटखट आली तर टाय रॉड एंड. वर-खाली धरून हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. रबरी बूट फाटलेला दिसला तर आवाज नसला तरी तो जॉइंट पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाणार हे धरून चाला. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही नेहमीची ठिकाणं. सीएसटी रोडवर जुना माल भरपूर मिळतो. दार, काच, आरसा तिथून खुशाल घ्या. ब्रेक आणि स्टीअरिंगचा भाग मात्र जुना घेऊ नका.

दिव्यांनी सगळ्यात जास्त गाड्या अडतात आणि सगळ्यात कमी पैशांत हेच काम होतं. हेडलाइटचे दोन्ही बीम, पार्किंग, चारही इंडिकेटर, दोन्ही ब्रेक लाइट, रिव्हर्स, हॅझर्ड आणि तो नंबर प्लेटवरचा दिवा. एकजण आत, एकजण मागे, पाच मिनिटं. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटरही मंद पेटू लागला तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग गेलंय. मागच्या दिव्याच्या सॉकेटमधून निघालेली काळी वायर पत्र्याला जिथे स्क्रूने बसवलेली असते तिथे हिरवट-पांढरा गंज धरलेला असतो. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासा, परत आवळा. शंभरातल्या नव्वद वेळा तेवढंच असतं.

हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बसवलेला असेल तर तो काढून मूळ बल्ब लावा. एच-४ प्रकारचा बसत असेल तर ६०/५५ वॅटचा. त्या काचेत एलईडीचा प्रकाश फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो, कितीही वर-खाली केला तरी. मूळ बल्ब लावल्यावर गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी उभी करा. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. एवढी मोकळी भिंत चाळीत मिळत नसेल तर रात्री बंद दुकानाचं शटर चालतं.

टायरच्या खाचांची खोली कारला आणि टेम्पोला किमान १.६ मिलिमीटर, रिक्षाला ०.८. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते. तिच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. टायर त्या उंचवट्याच्या पातळीला आला की संपला. आतली कड बघायला विसरू नका, अलाइनमेंट गेलेल्या गाडीचं टायर बाहेरून नवं आणि आतून टकलं असतं.

पत्राकामाबद्दल एकच गोष्ट. मुंबईत फ्लोअर आणि दाराखालची पट्टी खारट हवेने आतून कुजते. तिथे पुटी भरून रंग मारला तर पासिंगच्या दिवशी चालून जाईलही, पण कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करणं हेच काम. बोटाच्या पेराने ठोकून बघा. पुटीचा आवाज बद्द येतो, पत्रा वाजतो.

काचेवरची काळी फिल्म, प्रेशर हॉर्न, रंगीबेरंगी स्ट्रिप हे आदल्या दिवशी उतरवा. हुज्जत घालण्यासारखं यात काही नाही. काचेतून उजेड पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के आत आला पाहिजे, असा नियम आहे. रिक्षावाल्यांनी फाटका हूड, आतले निळे दिवे आणि सीटमागचे स्पीकर यांकडे बघावं. रिक्षाच्या हँडलला पुढच्या फोर्कमध्ये खेळ असेल तर तो ब्रेक दाबताना टक् असा जाणवतो.

टेम्पो आणि ट्रकचा पसारा वेगळा. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, आणि मान्यताप्राप्त कंपनीचीच. तिचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढतं, रस्त्यावरची चमचम पट्टी चालत नाही. मालकाचं नाव-पत्ता आणि रिकामं-भरलेलं वजन बाजूला ठळक लिहिलेलं हवं. स्पीड गव्हर्नर ताशी ८० किलोमीटरला बांधलेला असतो. ज्या गाडीचा मूळचाच कमाल वेग ८० च्या आत प्रमाणित आहे, तिला तो लागत नाही. हे माहीत नसल्याने छोट्या टेम्पोवाल्यांना उगीच यंत्र विकलं जातं. रिक्षालाही तो नाही. वाढवलेली बॉडी आणि मागून घातलेले स्प्रिंगचे जादा पाटे ही या वर्गातली खास दुखणी. दोन्ही आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, जुळत नाहीत.

व्हीएलटीडी, म्हणजे गाडीचा माग देणारं यंत्र आणि पॅनिक बटण, ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी ते चालू आहे का बघावं. यंत्र जिवंत दिसतं, दिवा लुकलुकतो, पण आतल्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो आणि सर्व्हरवर गाडी दिसतच नाही. रिचार्ज विकणाऱ्याकडूनच करावा लागतो आणि तो बहुधा शोधून सापडत नाही. या सगळ्या साखळीतली सगळ्यात वाईट सेवा कुठली म्हणून विचाराल तर हीच. यंत्र घेतानाच किती वर्षांचा रिचार्ज आत आहे ते बिलावर लिहून घ्या.

सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते. २०० बारचा दाब घेणारी टाकी पाठीशी बाळगायची तर ही टेस्ट टाळण्यासारखी नाही. टेस्टची तारीख गॅस भरायच्या तोंडाजवळच्या पट्टीवर असते. बाहेरून किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. मीटर नव्या दरांना लावून प्रमाणित केलेलं हवं. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. सील तुटलेलं मीटर घेऊन ट्रॅकवर जाऊ नका.

पीयूसी इंजिन गरम असताना काढा, थंड गाडीचे आकडे उगीच वर येतात. डिझेलला धुराची मर्यादा बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला ६५ एकक आणि बीएस-४ पासून पुढे ५०. प्रमाणपत्र बीएस-४ आणि नंतरच्या गाडीला वर्षभर, जुन्याला सहा महिने चालतं.

गाडी धुवायची तर दोन दिवस आधी. आदल्या संध्याकाळी प्रेशरने इंजिन धुतलं की पाणी कनेक्टरमध्ये बसतं आणि सकाळी हॉर्न नाहीतर इंडिकेटर मुका. धुतल्यावर थोडं अंतर ब्रेक दाबत चालवून ड्रम सुकवून घ्या.

ट्रॅकवरचं काम तसं आटोपशीर असतं. निरीक्षक आधी ओळख पटवतो. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि आकडे उमटतात. इथे गंज नडतो. तीनचा आठ, एकचा सात दिसतो, आणि मग मागची रांग हॉर्न वाजवते तोवर कोणीतरी वायर ब्रश शोधत फिरतं. म्हणून घरूनच ती जागा रॉकेलच्या चिंधीने पुसून, हलक्या हाताने ब्रश मारून, ग्रीसचं बोट लावून ठेवा. सँडपेपर अजिबात नको. आकड्यावर घासल्याची खूण दिसली तर विषय फिटनेसचा राहत नाही, नंबर खोडल्याच्या संशयाचा होतो. पुढे दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, प्रथमोपचार पेटी, गाडीचे फोटो, आणि शेवटी ट्रॅकवर चालवून ब्रेक. माणसाच्या नजरेवरची ही तपासणी चांगल्या निरीक्षकाच्या हाती उत्तम असते, पण सस्पेन्शन आणि दोन चाकांमधला ब्रेकचा फरक तिला मोजता येत नाही. स्वयंचलित केंद्रात रोलरवर प्रत्येक चाकाचा जोर वेगळा उमटतो. तिथे वर सांगितलेली 'एक नवा, एक जुना' व्हील सिलिंडरवाली गाडी लगेच पकडली जाते.

गाडी नापास झाली तर कारणं लेखी मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ मध्येच ती लेखी द्यायची तरतूद आहे आणि कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. बहुतेक वेळा अपिलाची गरज नसते, पण लेखी कारण हातात असलं की गॅरेजवाल्याला तेवढंच काम सांगता येतं. 'पुढून आवाज येतो' एवढ्या तोंडी निरोपावर अख्खं सस्पेन्शन उतरवलं जातं. आणि तोवर गाडी धंद्याला काढू नका. फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेलीच. पहिल्या वेळी दंड दोन ते पाच हजार रुपये, पुढे दहा हजारांपर्यंत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण.

एजंटाबद्दल सरसकट वाईट बोलायचं नाही. दिवसाची कमाई बुडवून रांगेत उभं राहणं परवडत नाही त्याने पैसे देऊन अर्ज भरून घेतला तर त्यात गैर काही नाही. फक्त बिलाचे तीन तुकडे मागा: सरकारी शुल्क पोर्टलच्या पावतीसह, सुट्या भागांची किंमत जुने भाग परत देऊन, आणि मजुरी. 'सगळं मिळून एवढे' म्हणणारा एजंट आणि 'गाडी न आणता करून देतो' म्हणणारा एजंट हे बहुधा एकच गृहस्थ असतात. दुसरं वाक्य ऐकलं की तिथून निघा.

प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घ्या आणि गाडीतच एक छापील प्रत ठेवा. उतरवल्यावर नंबर, चेसिस आणि मुदतीची तारीख ताडून बघा, चूक असेल तर दुरुस्ती त्याच आठवड्यात सोपी जाते. तीच तारीख सिलिंडरच्या पट्टीवरच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. पट्टीची तारीख आधी येत असेल तर फिटनेस चालू असूनही पंपावर नोझल लागणार नाही.